सिंधुदुर्ग (चिपी) ते जळगाव विमानाने सव्वा तास दाखवतंय, पण तिकीट काही मिळत नाही

उभादांड्याची माई

नमस्कार मंडळी. मी वेंगुर्ल्याची. लेक जळगावला दिलीय, तिला आठवा लागलाय. खरं तर पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं पण डॉक्टरनी प्रवास नको म्हणून सांगितलं, तेव्हा आता मीच जाणार. गुडघे दुखतात त्यामुळे ट्रेनमधे दिवसभर बसून राहायचं म्हटलं की नको वाटतं, म्हणून म्हटलं एकदा तरी विमानाने जाऊन बघूया, चिपीचं विमानतळ आमच्याकडून अर्ध्या-पाऊण तासावर.

तर भाच्याने मोबाईलवर एक साइट काढून दिली, त्यात सिंधुदुर्ग विमानतळ आणि जळगाव विमानतळ असं टाकलं तर लगेच आलं, अंतर ५९४ किलोमीटर, फ्लाइट टाइम १ तास १५ मिनिटं. खाली अजून दोन आकडे होते, ३६९ मैल आणि ३२१ नॉटिकल मैल, ते कशाचे काय ते कळलं नाही. एकाच रस्त्याची तीन अंतरं कशी? आणि तिकिटाच्या ॲपमधे तेच टाकलं की एकतर काही नाही येत, नाहीतर दोन विमानं बदलून अकरा-अकरा तास. भाचा म्हणतो मावशी तू तारीख चुकीची टाकतेयस. मी चार तारखा टाकून बघितल्या. सव्वा तासाचं विमान नेमकं कुठल्या वारी असतं, कोणाला माहीत आहे का?

दर्यावर्दी_८३

ताई, कुठल्याच वारी नसतं 😀 चिपी-जळगाव थेट विमान नाहीच आहे. त्या साइटी कुठलेही दोन विमानतळ टाका, आकडा देतात. मी आत्ता मुद्दाम रत्नागिरी ते सिंधुदुर्ग टाकून बघितलं, ११५ किमी आणि वीस-पंचवीस मिनिटं म्हणे. रत्नागिरीचा विमानतळ कोस्ट गार्डच्या ताब्यात. म्हणजे मी हातखंब्याला एसटीची वाट बघत उभा आणि हे मला वीस मिनिटांत परुळ्याला, म्हणजे चिपीला, पोचवतायत.

मास्तर_निवृत्त

माई, भाच्याची चूक नाही आणि तुमचीही नाही. ती साइट वेळापत्रक बघतच नाही, ती गणित करते. मी तीस वर्षं हेच गणित शिकवलंय, म्हणून जरा लांबण लावतो, कंटाळा आला तर सोडून द्या.

प्रत्येक विमानतळाचे अक्षांश रेखांश ठरलेले. चिपी साधारण १६.०० उत्तर, ७३.५३ पूर्व. जळगाव २०.९६ उत्तर, ७५.६३ पूर्व. वजाबाकी केली की अक्षांशाचा फरक ४.९६ आणि रेखांशाचा २.१०. अक्षांशाचा एक अंश म्हणजे जवळजवळ १११ किमी, तर उत्तरेकडे गेलो ५५१ किमी. रेखांशाचं तसं नसतं, वर वर जाल तसे ते एकमेकांच्या जवळ येतात (फणसाच्या शिरा देठाकडे येतात ना तसे), आपल्या या पट्ट्यात एक अंश म्हणजे १०५ किमी धरा. तर पूर्वेकडे गेलो २२१. आता काटकोन त्रिकोण झाला, त्याचा कर्ण काढा. ५५१ चा वर्ग अधिक २२१ चा वर्ग, वर्गमूळ ५९४. तुमच्या साइटचा आकडा तंतोतंत आला, कागदावर चार ओळीत. साइट पृथ्वीचा गोलवा धरून जरा बारीक सूत्र वापरते एवढाच फरक, आपल्या पाचसहाशे किलोमीटरला तो जाणवत नाही.

तीन आकडे म्हणजे एकच अंतर तीन मापांत. साधा मैल १.६०९ किमीचा, नॉटिकल मैल १.८५२ किमीचा. समुद्रावरचे आणि विमानवाले नॉटिकल वापरतात. दर्यावर्दींना विचारा.

आता गंमत वेळेची. सव्वा तास आला कुठून? उलटं सोडवून बघा. ५९४ ला ८०० ने भागा, पाऊण तास येतो. त्यात चढण्या-उतरण्याचा अर्धा तास मिळवा, झाला सव्वा तास. म्हणजे साइटने ताशी ८०० चं जेट विमान धरलंय. जळगावची धावपट्टी लहान, तिथे येतात ती पंख्याची विमानं, त्यांचा वेग ताशी पाचशेच्या घरात. तेव्हा विमान असतं तरी सव्वा तासात पोचलं नसतंच.

दर्यावर्दी_८३

बरोबर मास्तर. आणि नॉटिकल मैलाची एक सोय आहे, अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक नॉटिकल मैल, साठ मिनिटांचा एक अंश. नकाशावर कर्कटक लावून बाजूच्या पट्टीवर मोजलं की काम झालं, १११ ने गुणायची भानगड नाही.

उभादांड्याची माई

मास्तर खूप धन्यवाद, फणसाचं लक्षात राहील. पण म्हणजे विमान नाहीच? मग अकरा तासवालं तरी घ्यावं का, त्यात दोनदा उतरून चढायचं आहे, मला एकटीला झेपेल असं वाटत नाही.

बांद्याचो_झिल

माई, चिपीचा नाद सोडा, तुमी मोप्याक जावा, गोंयच्या नव्या विमानतळाक. मोप्यासून जळगावाक सरळ विमान आसा, फ्लाय ९१ कंपनीचा, २०२४ साली चालू झाला. रोज नसता, वार बघून तिकीट काढूचा लागता. ॲपात सिंधुदुर्ग टाकलास तर ता येवचा कसा, गोवा टाकूक होया.

आमच्या लोकांका अजून सवय नाय, मोपा म्हटला की गोंयचा वाटता. अरे बांद्यासून पत्रादेवी ओलांडली की तुमी पोचलास. सावंतवाडीवाल्यांका तर चिपीपेक्षा मोपाच बरा. वेंगुर्ल्यासून शिरोडा, आरोंदा, किरणपाणीचो पूल, मगे पेडणे. दीड तास धरा, बाजाराचो दिवस आसलो तर थोडो जास्त.

मास्तर_निवृत्त

मी मोप्याचंही करून बघितलं, राहवलं नाही. मोपा १५.७४ उत्तर, ७३.८६ पूर्व. जळगावपर्यंत कर्ण येतो ६०९ किमी. म्हणजे मोपा चिपीपेक्षा दक्षिणेला जवळजवळ तीस किमी आहे तरी जळगावचं अंतर वाढलं फक्त पंधरा, कारण मोपा पूर्वेला सरकलेला आहे आणि जळगावही पूर्वेलाच. माई, आकाशातून तुमचं नुकसान पंधरा किलोमीटरचं. जमिनीवरून काय ते झिल सांगतायतच.

रॅम्पवाला_कुडाळ

मावशी, मी विमानतळावर ग्राउंडला काम करतो (कुठल्या ते नको), थोडं माझ्याकडून.

आधी वेळेचं. तिकिटावर जी वेळ छापतात ती नुसती उडण्याची नसते. विमान उभं असताना चाकांना पुढूनमागून ठोकळे लावतो आम्ही, चॉक म्हणतात. ते काढले तिथून घड्याळ सुरू आणि तिकडे पोचल्यावर परत ठोकळे लागले की बंद, त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. त्यात धावपट्टीपर्यंत सरकत जाणं आलं, पुढे एखादं विमान असेल तर थांबणं आलं, चढणं उतरणं सगळं आलं. मास्तरांच्या हिशोबाने ६०९ किमी भागिले ५०० म्हणजे सव्वा तासाला थोडा कमी, त्यात वीस-पंचवीस मिनिटं घाला म्हणजे दीड तास ते पावणेदोन तास एवढं तिकिटावर दिसेल. जास्त दिसलं तर घाबरू नका, वेळेवर पोचलो असं म्हणता यावं म्हणून कंपन्या पाच-दहा मिनिटं हात राखून लिहितात, मुंबईसारख्या गर्दीच्या ठिकाणी तर त्याहून जास्त. तिथे दोन धावपट्ट्या आहेत पण एकमेकींना छेदणाऱ्या, त्यामुळे एका वेळी एकच चालते, म्हणून मुंबईचं विमान अंतराच्या मानाने नेहमी लांब वाटतं.

आता विमान. एटीआर ७२ असतं, सत्तर-पंचाहत्तर सीटचं, दोन पंखे. गुडघ्याचं सांगितलंत म्हणून सांगतो, याला प्रवासी मागच्या दाराने चढतात, पुढे सामानाची खोली असते. पायऱ्या दारालाच जोडलेल्या, पाच-सहाच, मोठ्या विमानाच्या शिडीसारखा जिना नाही. तरीपण तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागून ठेवा, पैसे पडत नाहीत आणि लाजायचं काही नाही, निम्मे आजी-आजोबा घेतात. टर्मिनलमधे चालणं बरंच असतं, मोप्याला तर जास्तच.

पंख विमानाच्या डोक्यावर असतात म्हणजे खिडकीतून खाली सगळं दिसतं. पंख्याच्या रेषेतली सीट मात्र टाळा, तिथे कान दुखेल असा आवाज. मागची घ्या, चढाय-उतरायलाही जवळ.

आणि एक महत्त्वाचं, गोव्यात विमानतळ दोन आहेत. दाबोळी जुना, नौदलाचा, वास्कोकडे. मोपा नवा, जानेवारी २०२३ पासून चालू. ॲपमधे दोघांना गोवाच म्हणतात. तिकिटावर मोपा किंवा जीओएक्स (मोप्याचा कोड) असं बघूनच पैसे भरा. दाबोळीचं निघालं तर मांडवी आणि झुआरी दोन्ही ओलांडून जावं लागेल. गेल्या मे महिन्यात एक कुटुंब आमच्याकडे चुकीच्या विमानतळावर आलं होतं, लग्नाची पाच-सहा बोचकी घेऊन, नवरदेवाची पेटीसुद्धा. विमान दुसरीकडून उडालं.

चिवला_बीच

विषय जरा सोडून, पण हे सिंधुदुर्ग नावाचं काहीतरी करा रे. किल्ला मालवणला, पाण्यात. सिंधुदुर्ग नावाचं रेल्वे स्टेशन ओरोसला. जिल्ह्याचं ऑफिसही ओरोसला. आणि विमानतळ परुळे-चिपीच्या सड्यावर (माळावर). माझे पुण्याचे पाहुणे सिंधुदुर्ग एअरपोर्टला उतरून रिक्षावाल्याला म्हणाले किल्ल्यावर सोड, त्यांना वाटलं समोरच असेल. नकाशात बघितलं तर समोरच आहे म्हणा! देवबागच्या टोकाला उभं राहिलं तर विमान अंगणात उतरतंय असं वाटतं. पण मधे कर्लीची खाडी. गाडीने जायचं तर वर नेरूरपारच्या पुलापर्यंत जाऊन वळसा. कोकणात कावळ्याचं अंतर विचारायचंच नाही, खाडी कुठे आहे ते विचारायचं.

दर्यावर्दी_८३

होडीने विचारा, पंधरा मिनिटं.

केळीच्या_गावात

माई, मी मूळचा कणकवलीचा, नोकरीनिमित्त बारा वर्षं जळगावात. मोपा-जळगाव विमानाने दोनदा आलोय म्हणून लिहितो.

जळगावचं विमानतळ कुसुंब्याला आहे, गावापासून अगदी जवळ, जावई वीस मिनिटांत येऊन नेतील. छोटं आहे, विमानातून उतरून चालतच आत यायचं, सामान दहा मिनिटांत हातात. एप्रिल-मे मधे मात्र दार उघडलं की भट्टीचं तोंड उघडल्यासारखं होतं, आपल्याकडचा घाम नाही, कोरडी भाजणी. पाण्याची बाटली हाताशी ठेवा.

घरातून घरापर्यंतचा हिशोब करायचा तर वेंगुर्ला-मोपा दीड तास, विमानाच्या आधी दोन तास पोचायचं, विमान पावणेदोन तास, सामान आणि घर अर्धा-पाऊण तास. सहा तास झाले. साइटचा सव्वा तास त्यात कुठे आहे ते शोधा 😀

आणि समजा त्या दिवशी विमान नाही झालं तर हात टेकायचे नाहीत. मंगला एक्सप्रेस आपल्या कोकणातून थेट जळगावला येते, निजामुद्दीनला जाणारी. रत्नागिरीला थांबते, तुम्हाला जवळचा थांबा कुठला ते बघून घ्या. पनवेल, कल्याण, नाशिक करत येते, दिवस जातो सगळा पण गाडी बदलावी लागत नाही. माझी आई अजून तीच धरते. म्हणते विमानात कोणाशी बोलायलाच मिळत नाही, बसले नाही तोवर उतरा.

रॅम्पवाला_कुडाळ

बरोबर, पर्याय धरूनच ठेवा. पावसात तर नक्कीच. जून-जुलैत ढग सड्यावर टेकतात तेव्हा पायलटला धावपट्टी ठराविक उंचीवरून दिसलीच पाहिजे, नाही दिसली की परत वर आणि दुसऱ्या गावाला. लोक आमच्यावर ओरडतात की वारा पण नाही, पाऊस पण थांबलाय, मग का नाही उतरत. पाऊस थांबलाय हो, ढग नाही ना उठला. ट्रेनचंही तेच, पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेगळं टाइमटेबल लागतं, गाड्या हळू चालवतात, तर नेहमीच्या वेळा गृहीत धरू नका.

उभादांड्याची माई

सगळ्यांचे आभार, एवढं कोणी समजावून सांगेल असं वाटलं नव्हतं. भाच्याला सगळं वाचून दाखवलं. गोवा टाकल्यावर आलं एकदम! मोपाच लिहिलंय, मी तीनदा वाचून घेतलं.

आता सामानाचं विचारते. लेकीसाठी डिंकाचे लाडू करून न्यायचेत, त्याला खोबरं तिथे चांगलं मिळणार नाही म्हणून घरच्या माडाच्या दहा-बारा वाट्या वाळवून ठेवल्यात. कोकमाचं आगळ दोन बाटल्या. आंब्याचं लोणचं एक बरणी. जावयांसाठी एक पेटी हापूस. हे सगळं चालेल ना?

रॅम्पवाला_कुडाळ

मावशी सुक्या खोबऱ्याच्या वाट्या नाही चालणार. खोबऱ्यात तेल असतं, पेट घेतं, म्हणून विमानात सुक्या खोबऱ्याला बंदी आहे. मोठ्या बॅगेत लपवून ठेवलं तरी एक्सरेमधे वाट्या अशा गोल गोल दिसतात, बॅग बाजूला काढतात आणि तुम्हाला बोलावून उघडायला लावतात. कोकणातल्या विमानतळावर रोजचं आहे हे, आमच्याकडे एक टेबल नुसतं खोबऱ्याचं असतं. लाडू घरीच वळून न्या, लाडवाला काही नाही.

लोणचं हातातल्या पिशवीत नको, मोठ्या बॅगेत, झाकणाला प्लास्टिक आणि वरून टॉवेल. आगळ पण तिथेच. हापूसची पेटी चालते पण दोरीने नीट बांधा, आणि वजन बघा, तिकिटावर किती किलो ते लिहिलेलं असतं, वर गेलं की किलोला पैसे. पॉवर बँक असेल तर ती उलट, हातातल्या पिशवीतच.

बांद्याचो_झिल

पेटीतले आंबे अर्धे कच्चे घ्या माई, जळगावच्या उन्हान दोन दिसात पिकतले.

आणि मोप्याक सोडूक आपली एमएच ०७ गाडी घेवन जावा, वेंगुर्ल्यासूनच ठरवन. परत येताना पण त्याच ड्रायव्हराक सांगान ठेवा, विमान किती वाजता उतरता ता.

केळीच्या_गावात

लाडू वळताना चार जास्त वळा माई, कुसुंब्याला मी घ्यायला येतो पाहिजे तर 🙏

उभादांड्याची माई

या की, जावई कामावर असतील तर बरंच होईल. लाडू आजच वळायला घेतले, खोबरं किसून भाजलं पण. तिकीट झालंय, व्हीलचेअर सांगितलीय, मागची खिडकी मिळाली. भाचा आता शेजारच्यांना सांगत फिरतोय की त्यानेच मोपा शोधला.